सावलीत उभी केलेली गाडी

"व्यंकटेश, अक्कांची गाडी परत बंद," असं म्हणत रफिकशेठनी फोन ठेवला. "तिसरी बार. नवी बॅटरी बसवून पंधरा दिवसपण झाले नाहीत."

मी तोंडाला लावलेला ताकाचा पेला खाली ठेवला.

"बॅटरी बसवतानाच तपासली होती, शेठ. गाडीत काही दोष नाही."

"मग बॅटरीत असंल."

"बॅटरीतही नाही."

"मग तुझ्यात असंल," शेठ म्हणाले आणि हसले. "जा, बघून ये. बाई आज नेहमीसारखी बोलत नव्हती."

सोलापुरात गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम मी गेली सव्वीस वर्षं करतो. चिंचोळी एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रफिकशेठचं बॅटरीचं दुकान आहे. ते मालक, मी सर्व्हिस इंजिनिअर. शेठ माणूस लाख, पण त्यांचे काही समज पक्के आहेत. बॅटरी फरशीवर ठेवली की फरशी तिचा करंट ओढून घेते, असं ते मानतात. जुन्या काळच्या रबरी खोक्यांच्या बॅटऱ्यांबाबत कदाचित ते खरंही असेल. आताच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांना फरशी काही करत नाही. तरी आमच्या दुकानात प्रत्येक बॅटरीखाली फळी असते, आणि ती मी स्वतः सरकवतो. नोकरी करायची आहे मला.

अक्का म्हणजे महादेवी अक्का. वय सदुसष्ट. सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढला. नवरा गेल्यावर, साठी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या. त्यांची लहानशी पांढरी गाडी आहे, बटण दाबलं की सुरू होणारी. आठवड्यातून एकदा होटगीला धाकट्या बहिणीकडे जायचं आणि बाकीचे दिवस कॉलनीतल्या कुणाला दवाखान्यात, कुणाला बँकेत पोचवायचं, असा त्यांचा कारभार. त्यांच्या गल्लीतले रिक्षावाले त्यांच्यावर नाराज असतात, असं त्या स्वतःच अभिमानाने सांगतात.

आता पहिल्या दोन वेळा काय झालं ते सांगतो, कारण त्यात माझी करामत आहे.

पहिल्या वेळी अक्का महिनाभर पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. गाडी फाटकाजवळ, उघड्यावर, सोलापूरच्या एप्रिलमध्ये. परत आल्या तेव्हा गाडी हूं की चूं करेना. यात नवल काहीच नव्हतं. बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतल्या आत थोडीथोडी रिकामी होत असते. माठ पाझरतो तसं. आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की हा पाझर साधारण दुप्पट होतो. त्यात गाडी झोपलेली असली तरी तिचं घड्याळ, तिचा अलार्म थोडा करंट पीत असतात. महिनाभर ऊन आणि हा पाझर, म्हटल्यावर बॅटरी काय करणार? मी ती चार्ज करून दिली आणि मोठ्या थाटात सल्ला दिला, "अक्का, गाडी सावलीत ठेवा."

अक्कांच्या मुलाने, शिवानंदने, आठ दिवसांत घराच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड मारून घेतली. आईसाठी लगेच पैसे पाठवणारा, रोज संध्याकाळी फोन करणारा मुलगा. गाडी सावलीत आली. आणि चौथ्या दिवशी बंद पडली.

ही दुसरी वेळ. एकदा पार रिकामी झालेली बॅटरी आजारातून उठलेल्या माणसासारखी असते, पूर्वीची ताकद राहत नाही. म्हणून मी सरळ नवी बॅटरी बसवली. शिवाय गाडी दुकानात आणून ड्रेन टेस्ट केली. म्हणजे गाडी कुलूप लावून बंद असताना ती बॅटरीतून किती करंट पिते, ते मीटर लावून मोजायचं. रीडिंग आलं वीस मिलिअँपिअर. अगदी निरोगी गाडीचं रीडिंग. शिवानंदचा फोन आला तेव्हा मी त्याला छातीठोकपणे सांगितलं, "गाडीत दोष नाही. बॅटरी नवी आहे. बहुतेक दिवा किंवा दार उघडं राहत असेल."

हे वाक्य मी दिवसातून दोनदा बोलतो. तेव्हा ते कुठे जाऊन लागलं, याची मला कल्पना नव्हती.

तर तिसऱ्या वेळी मी अक्कांच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. अक्का पायरीवरच बसल्या होत्या. एरवी फाटकातच "या की वो बॅटरीवाले" असं जोरात म्हणायच्या. आज नुसतं "या" म्हणाल्या. माझी स्कूटर नेहमीप्रमाणे स्टँडवर लावताना घसरली, त्यावरही काही बोलल्या नाहीत.

"अक्का, काय झालं?"

"गाडीचं सोडा. गाडी शनिवारी जाणार हाय. शिवानंद येतोय न्यायला."

"न्यायला म्हणजे?"

"पुण्याला नेऊन इकणार. आनि मलाबी नेणार. डॉक्टरला दाखवायला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी इसरायला लागले म्हनं. दिवा बंद करायचं इसरते, दार लावायचं इसरते. तुमीच सांगितलं न्हाय का त्येला, गाडीत दोष न्हाय म्हनून?"

मी सांगितलं होतं, हे खरंच होतं.

"आमच्या मालकांचं असंच सुरू झालतं," अक्का म्हणाल्या. "आदी गॅस बंद करायचं इसरले. मग कुलूप. मग माझं नाव. चार वर्षं मी केलं त्यांचं. म्हनून पोरगं भ्यालंय, त्येचं काय चुकलं न्हाय. आनि मीबी भ्यालेय, खोटं कशाला बोलू?"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि मला वाटलं, डोळे पुसायला गेल्या असतील. पण त्या एक वही घेऊन आल्या.

शाळेची दोनशे पानी वही. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले. तारीख, गाडी उभी केली ती वेळ, पुढचे दिवे, आतला दिवा, चारी दारं, डिकी, शेरा, आणि शेवटी सही. गाडी दुसऱ्यांदा बंद पडली त्या दिवसापासून अक्कांनी प्रत्येक वेळी गाडी उभी केली की हा चार्ट भरला होता. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण आणि प्रत्येक ओळीला त्यांची पूर्ण सही.

"पेशंटचा चार्ट लिवायची सवय की," त्या म्हणाल्या. "म्हनलं इसरत असंल तर कागदावर दिसंल. हितं तर समदं बरुबर हाय. पन मग गाडी का बंद पडती? का मी न बगताच खूण करते?"

मला स्वतःची लाज वाटली. सव्वीस वर्षं मी लोकांना "दिवा राहिला असेल" असं सांगत आलोय. कुणी चार्ट लिहून दाखवला नव्हता.

"अक्का, मी आज इथून हलत नाही," मी म्हणालो.

बॅटरी तपासली. साडेदहा व्होल्ट. बारा-साडेबारा असायला हवेत, म्हणजे पार झोपलेली. सोबत आणलेली भरलेली बॅटरी तिच्या जागी लावली, मायनसच्या केबलमध्ये मीटर जोडला, दारं लावली, कुलूप केलं आणि किल्ली स्कूटरच्या डिकीत ठेवून स्कूटर फाटकाबाहेर नेली. आमच्या कामाचा हा नियम आहे. या नव्या गाड्यांची किल्ली खिशातून काढावी लागत नाही. गाडी हवेतून विचारते, "किल्ली आहे का जवळ?" आणि किल्ली उत्तर देते, "आहे." म्हणून टेस्ट करताना किल्ली लांब ठेवायची, नाहीतर गाडी झोपतच नाही. हा नियम मी नवीन पोरांना ओरडून ओरडून शिकवलाय.

अर्ध्या तासाने गाडी झोपली. मीटरवर वीस मिलिअँपिअर. दुकानात आलं होतं तेच.

शेडचा पत्रा तापून नुसता धगधगत होता. मला क्षणभर मोह झाला, उन्हाच्या माथी मारावं आणि घरी जावं. पण पत्रा कितीही तापला तरी नवी बॅटरी चार दिवसांत रिकामी होत नाही. त्याला महिने लागतात. मग मी पायरीवर बसून अक्कांची वही वाचायला घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

वाचता वाचता एका ओळीवर थांबलो.

"अक्का, हे काय? मधले पाच दिवस गाडी उभीच होती, आणि सहाव्या दिवशी 'लगेच सुरू' असं लिहिलंय."

"बहिनीच्या नातवाचं बारसं होतं होटगीला. तिचा जावई घेऊन गेलता मला. गाडी हितंच होती."

"ह्याच शेडमध्ये?"

"व्हय. ह्याच शेडमदी."

मी बाकीच्या ओळी पाहिल्या. उन्हामुळे अक्का बाहेर कमी पडत होत्या. दोन्ही वेळा त्या घरी असताना गाडी तीन दिवस उभी राहिली आणि चौथ्या दिवशी बंद. त्या परगावी असताना पाच दिवस उभी राहिली, तरी सुरू.

हे माझ्या लक्षात आलं त्याच क्षणी त्यांच्याही लक्षात आलं. शेवटी चार्ट त्यांचा होता.

"म्हंजे मी घरात असले की होतंय," अक्का हळूच म्हणाल्या. "मी नसले की गाडी बरी. म्हंजे मीच कायतरी करते बगा. आनि मला आठवत न्हाय."

ज्या वहीने त्यांना सोडवायचं, तीच त्यांच्यावर बोट दाखवत होती.

त्या उठल्या. "दिव्याची येळ झाली. किल्ली द्या माझी."

"राहू दे अक्का, टेस्ट चालू आहे."

"तिची जागा ठरल्याली हाय. द्या."

अशा वेळी वाद घालू नये. मी फाटकाबाहेर जाऊन किल्ली आणून दिली. त्या आत गेल्या. मी मीटर काढायला शेडमध्ये गेलो. आतून घंटा वाजली, आणि माझ्या डोळ्यांदेखत मीटरचा आकडा उडाला. वीस मिलिअँपिअरवरून सहाशेवर.

दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. गाडी गपचूप जागी झाली होती. मी एक मिनिट थांबलो. आकडा थोडा उतरला, पुन्हा चढला.

"अक्का!" मी ओरडलो. "आत्ता आत काय केलंत?"

"पूजा केली की."

"परत करा."

मग अक्का दारात आल्या. माझ्या कपाळाला हात लावून बघावा की काय, असा चेहरा होता त्यांचा.

"काय करू?"

"पूजा. जशी केली तशी. आधी आत नेलंत ते सगळं बाहेर आणा, माझ्या स्कूटरपाशी. मग एकेक आत न्या. मी इथून आकडा सांगतो."

त्या चौतीस वर्षं डॉक्टरांच्या लहरी सांभाळलेल्या बाई. एक शब्द न बोलता तेलाची वाटी, बेलाची पानं, विभूतीचा डबा, काडीपेटी, घंटा आणि किल्ली असं सगळं ताटात घालून त्या फाटकाबाहेर आल्या. आम्ही गाडी परत झोपेपर्यंत थांबलो. समोरच्या घरातली माणसं गच्चीवर आली. सिस्टर ताट घेऊन स्कूटरची पूजा का करतायत, हे त्यांना कळेना.

मग सुरुवात झाली.

"तेल नेलं," आतून आवाज.

"वीस," मी बाहेरून.

"बेल वाह्यलं."

"वीस."

"दिवा लावला."

"वीसच."

"घंटा वाजवू?"

"वाजवा."

घंटा वाजली. वीस. मला घंटेचा फार संशय होता, उगीच.

"आता किल्ली ठेवते देवाजवळ."

आकडा सहाशे.

मी बूट काढून धावतच आत गेलो. देवघर म्हणजे हॉलच्या कडेची लहान खोली. भिंतीत खोल कोनाडा, कोनाड्यात महादेवाची पिंड, आणि पिंडीशेजारी, विभूतीचं बोट लावलेली, गाडीची किल्ली. मी कोनाड्याच्या मागच्या बाजूला बोटाने ठोकलं. भिंत तिथे जेमतेम चार इंच होती. आणि तिच्या पलीकडे, दीड हातावर, माझ्या सल्ल्याने सावलीत आणून उभी केलेली गाडी.

"किल्ली इथे कधीपासून ठेवता?"

"गाडी आली तवापासून. पयल्या दिवशी देवापुढं ठिवली, तितंच ऱ्हायली. साठीत गाडी शिकलेली बाई मी. म्हनलं किल्ली देवाच्या हाती असल्याली बरी."

गाडी फाटकाजवळ उभी असायची तेव्हा किल्ली तिच्यापासून लांब होती. शेड झाली, गाडी भिंतीला आली, आणि त्या दिवसापासून गाडी आणि किल्ली भिंतीतून रात्रंदिवस गप्पा मारत बसल्या. "आहेस का?" "आहे." "आहेस का?" "आहे." सहाशे मिलिअँपिअरने तीन-चार दिवसांत बॅटरी कोरडी होणारच. होटगीला जाताना किल्ली अक्कांच्या पर्समध्ये गेली, म्हणून गाडी पाच दिवस निवांत झोपली. आणि मी, नियमाचा पक्का, प्रत्येक टेस्टला किल्ली लांब नेऊन ठेवत होतो. दोष जिथे होता तीच वस्तू मी दर वेळी स्वतःच्या हाताने बाहेर काढत होतो.

मी हे सगळं अक्कांना समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना.

"म्हंजे मी इसरत न्हाय?"

"तुम्ही काही विसरत नाही. उलट किल्ली एकदाही जागेवर ठेवायची विसरला नाहीत, म्हणून तर एवढं झालं."

त्यावर आणखी हसल्या. मीही हसलो. इतका आनंद मला बॅटरीच्या धंद्यात क्वचितच झालाय.

"आता किल्ली स्वयंपाकघरात ठेवा. गाडीपासून लांब."

"न्हाय," अक्कांचं हसू थांबलं. "किल्ली देवापासनं हलनार न्हाय. दुसरं औषध सांगा."

मी विचार केला. "घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे का? धातूच्या बंद डब्यातून किल्लीला गाडीचं बोलणं ऐकू जात नाही."

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. शेंगाचटणीचा डबा रिकामा करून, घासून, पुसून घेऊन आल्या. किल्ली डब्यात, डबा कोनाड्यात, पिंडीशेजारी. मी शेडमध्ये पळालो. थोड्या वेळाने आकडा खाली यायला लागला आणि वीसवर येऊन स्थिर झाला. तीनदा करून बघितलं. झाकण उघडलं की सहाशे, लावलं की वीस. अक्कांनी प्रत्येक रीडिंग वेळेसकट वहीत लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

मी शिवानंदला फोन लावतो म्हणालो, तर त्यांनी हात धरला.

"त्येला सांगू नका. येऊ दे शनिवारी. आनि तुमीबी या सकाळी. सुरू झाली न्हाय तर माझ्यासंगट उभं ऱ्हायला कुनीतरी पायजे."

मधे चार दिवस होते. अक्कांनी गाडीला हात लावायचा नाही, असं ठरलं. त्या चार दिवसांत रफिकशेठनी मला रोज विचारलं, "अक्कांचा फोन?" मी म्हणायचो, "नाही." ते वर बघून हात जोडल्यासारखं करायचे. मी वरवर शांत होतो, पण खरं सांगायचं तर शुक्रवारी मला नीट जेवण गेलं नाही. मीटर खोटं बोलत नाही हे माहीत असूनही.

शनिवारी सकाळी अक्का इरकल साडी नेसून तयार होत्या. डब्यातून किल्ली काढली, विभूती लावली, गाडीत बसल्या. मी शेडच्या खांबाला धरून उभा. त्यांनी बटण दाबलं.

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"बसा," अक्का म्हणाल्या. "पोराला आनायला जाऊ."

स्टेशनबाहेर शिवानंद बॅग घेऊन रिक्षा शोधत होता. अक्कांनी गाडी बरोबर त्याच्यापुढे उभी केली आणि काच खाली घेतली.

"कुटं जायचं, सायेब?"

तो बघतच राहिला. "आई? गाडी सुरू कशी झाली?"

"माघारी बस. पुढं बॅटरीवाले बसल्यात."

तो मागे बसला. स्टेशन मागे पडल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. शेड, भिंत, कोनाडा, किल्ली. आणि तेही सांगितलं, जे सांगायला मला सगळ्यात जड गेलं. "दिवा राहत असेल असं मी तुम्हाला म्हणालो होतो. ते मी न बघता बोललो. चूक माझी."

तो पुढच्या सीटकडे वाकला. मग म्हणाला, "आई, चुकलं माझं. बाबांचं आठवून भीती वाटली मला."

"मलाबी वाटली," अक्का म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही. "सीटवर वही हाय बग. लिही तिच्यात."

"काय लिहू?"

"तुला जे दिसलं ते. आनि सही कर. बिनसहीचा चार्ट आमच्यात चालत न्हाय."

त्याने चालत्या गाडीत लिहिलं. घरी उतरल्यावर अक्कांनी वही वाचली आणि मला दाखवली. अक्षर हलल्यामुळे वेडंवाकडं आलं होतं. तारीख, वेळ, आणि पुढे चारच शब्द: "आई काहीही विसरत नाही." खाली पूर्ण सही.

गाडी विकली नाही. पुण्याचा डॉक्टर राहिला. शिवानंद रविवारी परत गेला, तेव्हा त्याला स्टेशनवर सोडायलाही अक्काच गेल्या.

किल्ली गाडीपासून लांब ठेवावी, ही गोष्ट गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत असतं. ते अक्कांनी वाचलं नव्हतं आणि सव्वीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे मीही वाचलं नव्हतं.

आता आमच्या जॉब कार्डवर रफिकशेठनी सगळ्यात वर एक ओळ छापून घेतली आहे: "गाडी कुठे उभी असते? किल्ली कुठे असते?" लोक आधी हसतात, मग उत्तर देतात. गाडी सावलीत ठेवा, हा सल्ला मी अजूनही देतो. पण आधी सावली पाडणाऱ्या भिंतीच्या पलीकडे काय आहे, ते आत जाऊन बघून येतो. बूट काढून.